रांग मोबाइलात गेली
(वर्धा जिल्हा बैठकीतील भाषण)



1972 साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी इथल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. संकलन केंद्रावर बंड्यांची रांग, थंडीत बैलांसकट काढलेल्या रात्री, आणि चुकाऱ्याची वाट. त्या व्यवस्थेचे गुण गायला मी उभा नाही. तिने कास्तकाराला किती नाडले ते तुम्ही मला शिकवाल. पण रांग डोळ्यांना दिसत होती. कोणाची बंडी मागून येऊन पुढे शिरली ते कळत होते. ग्रेडरशी हुज्जत घालता येत होती.

2025 च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी आली. आधार, सातबारा, पेरा चढवा, मग दिवस मिळवा. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये होता. रात्रीचे जागरण वाचले, चांगले झाले. मी शेतकी पदवीधर आहे, यंत्राला भिणारा नाही. पण रांग आता मोबाइलात गेली. माझ्यापुढे किती जण, कोण, का, काही दिसत नाही. नोंद परत आली तर खिडकीवरचा माणूस म्हणतो, 'सिस्टीम घेत नाही.' साहेब 'नाही' म्हणाले तर साहेबांच्या दारात मोर्चा नेता येतो. सिस्टीमचे दार कोणते?

2017 ची कर्जमाफी आठवा. 34,022 कोटींची घोषणा जूनमध्ये झाली. अर्ज ऑनलाइन. नवराबायको दोघांनी केंद्रावर जाऊन अंगठे लावले, रात्री-रात्री सर्व्हर चालेना म्हणून परत आले. दिवाळीच्या तोंडावर, 18 ऑक्टोबरला, समारंभाने प्रमाणपत्रे वाटली. नंतर याद्या तपासल्या तर कित्येक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक, एकच बँक खाते! चूक कोणाची? बँक म्हणे सरकारची, सरकार म्हणे बँकेची. शेतकऱ्याची तर नव्हतीच. पण कागद घेऊन हेलपाटे कोणी घातले? त्यानेच. नोंद यंत्राची, आणि ती खोटी असल्याचा पुरावा देण्याचे काम मात्र कास्तकाराचे. हा न्याय कुठला?

आता ओळख क्रमांक आला. कृषी खात्याच्या योजनांसाठी महाराष्ट्रात 15 एप्रिल 2025 पासून तो सक्तीचा झाला. तो मिळतो सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. म्हणजे मक्त्याने वावर करणारा यंत्राच्या लेखी शेतकरी नाही. बी, खत, मजुरी, कर्ज, नापिकी सगळे त्याचे. अनुदान मालकाच्या खात्यात. आणि बाया? निंदण, खुरपण, वेचणी त्यांच्या अंगावर, नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे. 1990 च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीत ज्या घरांनी बायकोच्या नावे जमीन केली, त्या घरची बाई आज यंत्राला दिसते. बाकीच्या दिसत नाहीत. आपल्यातल्या किती जणांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या आणि सातबारा मात्र तसाच ठेवला, ते मी विचारत नाही.

पटवाऱ्याच्या जुन्या पेरेपत्रकातही बांधावर न जाता भरलेल्या नोंदी असत, म्हणून 2021 च्या 15 ऑगस्टपासून आलेली ई-पीक पाहणी मला मुळात आवडली. आपला पेरा आपण नोंदवायचा. पण ज्याच्याकडे साधा फोन, ज्याच्या वावरात रेंज नाही, तो शेजारच्या पोराला शोधतो. पोराने तुरीऐवजी सोयाबीन टाकले की पुढची सगळी भानगड तिथून.

अंगठा लावला म्हणजे संमती दिली, असे सांगतात. लावला नाही तर हप्ता बंद. ही कसली संमती? एप्रिल 2021 मध्ये केंद्राच्या कृषी मंत्रालयाने मायक्रोसॉफ्टशी सहा राज्यांतल्या 100 गावांसाठी करार केला, त्यात महाराष्ट्र नव्हता. शेतकऱ्याला विचारले का, असे अनेक संघटनांनी तेव्हा विचारले. 2023 च्या कायद्याने तर लाभ आणि अनुदान देण्यासाठी, आपल्याकडे आधीच असलेली माहिती नव्याने न विचारता वापरायची मुभा सरकारला ठेवली आहे. माझे कर्ज किती, पेरा किती, पैशाची निकड केव्हा, हे ज्याला माझ्याआधी कळेल तो भाव पाडणारच. व्यापाऱ्याला ही माहिती पूर्वी गावात माणूस ठेवून काढावी लागे.

घरचेही बोलतो. आपण ओटीपी कोणालाही सांगतो, पासवर्ड केंद्रवाल्याच्या वहीत ठेवतो. दोन पैशांसाठी सातबारा व्यापाऱ्याला देऊन त्याचा कापूस आपल्या नावावर केंद्रावर उतरवतो. मग खऱ्या कापसाला जागा उरत नाही, आणि रांग दिसत नसल्याने शेजाऱ्यालाही कळत नाही.

म्हणून आजच्या ठरावात मी एवढेच घालतो: नोंद नाकारली तर कारण मराठीत, लेखी, अधिकाऱ्याच्या नावानिशी आणि सहीनिशी सात दिवसांत मिळावे, तोवर कागदी सातबारा धरून कापूस घ्यावा. केंद्रावरच्या नोंदणीची क्रमवार यादी रोज फळ्यावर लागावी. आणि आपली माहिती कोणाकोणाला दिली, हे माहिती अधिकारात विचारायचे अर्ज प्रत्येक तालुक्यातून जावेत. हिंगणघाट, देवळी, आर्वीच्या कार्यकर्त्यांनी नाकारलेल्या नोंदींचे कागद पुढच्या बैठकीला सोबत आणावेत. तोंडी तक्रारी नकोत, कागद हवेत.