पडदा इंग्रजी, निवेदन मराठी

प्रोग्रॅमिंग शिकायला संकेतस्थळे पुष्कळ आहेत. वेबसाठी मोझिलाचे एमडीएन, अडल्या प्रश्नाला २००८ पासूनचे स्टॅक ओव्हरफ्लो. पण ती इंग्रजीत. बेळगावात मराठी शाळेतून आलेला मुलगा बुद्धीने कमी नसतो. तो इंग्रजी निवेदनाच्या वेगापाशी अडतो. त्याच्यासाठी मी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे नाव घेईन. पायथन, जावा, लिनक्स असे विषय, दहा-दहा मिनिटांचे पाठ. पडदा इंग्रजीच राहतो, आवाज मराठी. हे मला पटते. चूक झाली की संगणक इंग्रजीतच सांगणार, मग ‘व्हेरिएबल’ला ‘चल’ म्हणून काय साधणार?

खरी अडचण वाक्याची आहे. इंग्रजीत ‘क्लिक’ आधी येते; आपले क्रियापद शेवटी, तोवर पडद्यावरचा बाण पुढे गेलेला असतो. ठरल्या सेकंदांत बसणारे आणि तरी बोलल्यासारखे वाटणारे मराठी लिहिणे, हे भाषेच्या माणसाचे काम. पाठांच्या संहिता खुल्या आहेत : एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात निवेदन. इथल्या शिक्षकांनी त्यांतली एखादी वर्गात मोठ्याने वाचून पाहावी, आणि जीभ जिथे अडखळेल तिथे खूण करावी.