सोसणे आणि सांगणे

एस्प्लनेड हा शब्द मूळचा दुर्गशास्त्रातील. तटावरील तोफांच्या माऱ्याला आडोसा येऊ नये म्हणून किल्ला आणि वस्ती यांच्यामध्ये जी मोकळी जागा राखून ठेवतात, तिला हे नाव. अठराव्या शतकात इंग्रजांनी कलकत्त्यास नवा फोर्ट विल्यम उभारला, तेव्हा त्याच्या भोवतीचे रान तोडून त्यांनी असेच विस्तीर्ण मैदान मोकळे केले, आणि त्या मैदानाच्या उत्तरेकडील भागाला एस्प्लनेड हे नाव कायमचे चिकटले. तोफांचा काळ मागे पडला. १९८४ साली भारतातील पहिली भुयारी रेल्वे येथूनच भवानीपुराकडे धावली, आणि २०२४ साली हुगळीच्या पात्राखालून हावड्यास जाणारा मार्गही येथे येऊन मिळाला. माणसांचा लोंढा येथे सहसा थांबत नाही. या लोंढ्यातून पश्चिमेकडे नदीच्या दिशेने गेले, म्हणजे एस्प्लनेड रो या रस्त्यावर कलकत्ता हायकोर्टाची १८७२ साली पुरी झालेली उंच मनोऱ्याची इमारत लागते.

या शहराशी दोन मुलींच्या कहाण्या निगडित आहेत. एक मुलगी महाराष्ट्रातील, दुसरी बंगालमधील. दोघींनीही बालपणी ज्यांच्याकडून संरक्षण मिळावे त्यांच्याच हातून पीडा भोगली. एक त्यातून तरली, दुसरी तरली नाही. जी तरली ती कशाच्या बळावर तरली, याचे उत्तर आपण सहसा चुकीचे देत आलो आहोत.

महाराष्ट्रातील मुलीचे नाव साऱ्यांच्या परिचयाचे आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी. १८८१ साली टपाल खात्यातील नोकरीच्या निमित्ताने गोपाळराव जोशी कलकत्त्यास आले, तेव्हा सोळा वर्षांची ही त्यांची पत्नी त्यांच्याबरोबर होती. पुढे गोपाळरावांची बदली जवळच्या श्रीरामपूरला झाली, आणि ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहूनच बोटीने अमेरिकेस निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. एवढी कहाणी शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. तिच्यामागे दडलेली दुसरी कहाणी मात्र पुष्कळदा सांगितली जात नाही, किंवा सांगितलीच तर तिच्यावर कौतुकाची शाल पांघरून सांगितली जाते.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणच्या जोशी घराण्यातील. वडिलांचा तिच्यावर लोभ होता. आईचा मात्र हात तापट होता. हा शब्द फारच सौम्य झाला. स्वतः आनंदीबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे की आईने आपल्याशी मायेचा शब्द कधी उच्चारला नाही, आणि शिक्षा करताना साधी दोरी तिला पुरत नसे. दगड, काठ्या आणि जळते निखारे यांचा ती उपयोग करी. आपले शरीर त्यामुळे अधू झाले नाही याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले आहेत. पण त्या दिवसांच्या आठवणीने मोठेपणीही आपले काळीज भीतीने पिळवटते, हेही त्यांनी लपविले नाही.

नवव्या वर्षी यमुनेचे लग्न झाले. वर बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. ज्या काळी स्त्रीने अक्षर गिरविणे हे कुळाला बट्टा लावणारे समजत, त्या काळी या गृहस्थाने पत्नीला शिकविण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी लोकनिंदा सोसली, बदल्या मागून घेतल्या, गावोगाव बिऱ्हाड हलविले. गोपाळरावांचे हे ऋण कोणी नाकारू नये. तथापि त्यांची शिकविण्याची रीत भयंकर होती. दहा वर्षांच्या मुलीला लाकडाच्या तुकड्यांनी मारणे, बाराव्या वर्षी तिच्या अंगावर खुर्च्या आणि पुस्तके फेकणे, तुला टाकून निघून जाईन असे धमकावणे, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा करणे, असा तो क्रम होता. याच चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिला मूल झाले, आणि योग्य उपचारांच्या अभावी ते दहा दिवसांतच गेले.

आपल्याकडे म्हण आहे की टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. आनंदीबाईंच्या चरित्राला ही म्हण लावण्याचा मोह अनेकांना होतो. नवऱ्याने मारले म्हणून ती शिकली. तो तसा कठोर नसता तर हिंदुस्थानातील एक आद्य स्त्री डॉक्टर घडली नसती, असा हा युक्तिवाद. ऐकायला तो सोयीचा आहे. मारणाऱ्याला तो समाधान देतो, आणि पाहणाऱ्याला जबाबदारीतून मोकळे करतो. पण म्हण दगडाविषयी आहे. दगडाला भूक नसते, रात्रीची झोप नसते, दाराशी पाऊल वाजले की तो दचकत नाही. शिवाय ज्या दगडांना टाकीखाली भेग गेली, त्यांची देवळे कोणी बांधीत नाही. ते खाणीतच पडून राहतात, आणि त्यांची मोजदाद कोणी करीत नाही.

या युक्तिवादाचे खंडन करण्यास दुसऱ्या कोणाची गरज नाही. ते आनंदीबाईंनीच केले आहे. अमेरिकेत शिकत असताना त्यांनी गोपाळरावांना एक पत्र लिहिले. एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीच्या हातून उतरलेल्या अत्यंत धीट लेखनात त्याची गणना व्हावी. तुमची वागणूक चांगली की वाईट, हे ठरविणे अवघड आहे, असे म्हणून त्या उत्तर देतात की ती दोन्ही होती. हेतू पाहिला तर योग्य. पण बालकाच्या मनावर होणारा परिणाम पाहिला तर ती चूक होती, असे न्यायबुद्धीने म्हणावेच लागते. मग दहाव्या, बाराव्या आणि चौदाव्या वर्षीच्या शिक्षांची यादी त्या एकेक करून मांडतात, आणि त्या त्या वयाच्या देहाला व मनाला हे सारे फार जड होते, असा निर्वाळा देतात. त्या कोवळ्या वयात मी घर सोडून गेले असते तर काय झाले असते, असेही त्या विचारतात. अशा छळापायी कितीतरी मुली घर सोडून गेल्या आहेत, आपण गेलो नाही ते वडिलांच्या अब्रूला डाग लागेल या भीतीने. नवराबायकोंमध्ये कायद्याची आडकाठी नाही, आणि असलीच तर ती नवऱ्याच्या बाजूची, हेही त्या स्पष्ट बजावतात. आणि त्याच पत्रात, तुमच्यावाचून मी या पायरीला पोहोचले नसते, अशी कृतज्ञताही व्यक्त करतात.

हे पत्र वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. त्यात आक्रोश नाही, शाप नाही, दयेची याचना नाही. एखाद्या न्यायाधीशाने दोन्ही बाजूंचा पुरावा समोर ठेवून निकाल द्यावा, तशी ही मांडणी आहे. उपकार एका पारड्यात आणि अपकार दुसऱ्या पारड्यात. एकाने दुसरा पुसला जात नाही. पीडा भोगलेल्या मुलाला नेमके हेच सर्वांत कठीण जाते. मारणारा आपलाच असतो. त्याच्यावर माया असते, त्याचे अन्न खाल्लेले असते. म्हणून मूल असे ठरवून टाकते की दोष माझाच असला पाहिजे. तो दोष आपला नव्हता, हे ओळखणे आणि ते शब्दांत उतरविणे, हीच तरून जाण्याची खरी सुरुवात होय.

हे बळ आनंदीबाईंच्या ठायी कोठून आले? मारामुळे आले नाही, हे उघड आहे. त्यांच्या आयुष्याकडे पाहता तीन आधार दिसतात. पहिला आधार आपल्या माणसाच्या मायेचा. वडिलांची ममता बालपणी होती. पुढे समुद्रापलीकडे एक अनोळखी स्त्री मिळाली. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे खोळंबून बसल्या असता त्यांनी एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले आणि आपण होऊन मदतीचा हात पुढे केला. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. दुसरा आधार स्वतःच्या हेतूचा. आरंभी शिक्षण ही नवऱ्याची हौस होती. मूल गेल्यावर ती त्यांची स्वतःची गरज झाली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. मुंबईत शाळेला जाताना लोक हसत, खडे मारीत, हा अनुभव त्यांनी भर सभेत सांगितला, आणि या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे म्हणून मी जाते, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे ठणकावले. तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. तिसरा आधार अंतराचा. मारणारा हात पोहोचणार नाही इतक्या दूर गेल्यावरच ते पत्र लिहिले गेले. भयाच्या छायेत मनुष्य सोसू शकतो. निवाडा करण्यास मोकळी जागा लागते.

आता दुसरी मुलगी. तिचे नाव फुलमणी दासी. दहा वर्षे उलटून थोडाच काळ लोटला असताना, तिशी ओलांडलेल्या नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे ती रक्तस्राव होऊन मरण पावली. १८९० साली हा खटला कलकत्ता हायकोर्टात चालला. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे पत्नीच्या बाबतीत संमतीचे वय दहा वर्षांचे होते. फुलमणीने ते ओलांडले होते. त्यामुळे बलात्काराचा आरोप लागूच होऊ शकला नाही, आणि निष्काळजी कृत्याने गंभीर इजा केल्याबद्दल नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. कायदा नवऱ्याच्या बाजूचा आहे, हे आनंदीबाईंचे वाक्य एस्प्लनेडवरील त्या इमारतीत असे अक्षरशः खरे ठरले. या खटल्याने देश हादरला. १८९१ च्या मार्चमध्ये संमतीचे वय बारा करण्यात आले. पण तत्पूर्वी त्या सुधारणेच्या विरोधात कलकत्त्याच्या याच मैदानावर प्रचंड सभा भरली होती, आणि महाराष्ट्रात केसरीनेही तिला कडाडून विरोध केला होता. धर्मात हात घालू नका, घराच्या आत पाहू नका, असा त्या विरोधाचा सूर होता.

फुलमणीला पत्र लिहिता आले नाही. तिच्यात सोसण्याचे बळ कमी होते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? मग आनंदीबाई तरल्या हेही केवळ सोसण्याच्या बळावर नव्हे, हे मान्य करावे लागेल. आणि त्यांनाही त्याची किंमत द्यावी लागली नाही, असे कोण म्हणेल? पदवी घेऊन त्या परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या देहाने. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक तशीच राहिली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली.

या विषयाचा आधुनिक काळात शास्त्रीय अभ्यास झाला आहे. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके घेतला. त्यांतील ज्या मुलांचे बालपण दारिद्र्य, गृहकलह आणि आजारी पालक यांच्या चक्रात सापडले होते, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे निकोप आणि कर्तबगार निघाली. त्यांच्यात एक गोष्ट वारंवार आढळली: घरात किंवा घराबाहेर, आजी असो, शिक्षक असो वा शेजारी, भरवशाचे निदान एक माणूस त्यांच्या वाट्याला आले होते. जे आनंदीबाईंच्या चरित्रात दिसते, तेच या अभ्यासाने सांगितले.

कायदाही पुष्कळ पुढे आला आहे. घरातील हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. शाळेतील मारहाणीस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा कायदा आहे. आणि संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तरीही २००७ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, विचारणा केलेल्या दर तीन मुलांपैकी दोघांनी आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले होते. कायदा दारापर्यंत येतो. दार आतूनच उघडावे लागते.

म्हणून मुलांना केवळ सोशिकपणाचे धडे देणे पुरेसे नाही. सहनशीलता हा सद्गुण खरा. पण तो मोठ्यांनी आपल्या अंगी बाणवावा, लहानांकडून त्याची वसुली करू नये. लहान मूल एखादे दिवशी अडखळत काही सांगू लागले, तर त्याला गप्प न करता त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, त्यावर विश्वास ठेवावा, आणि तुझा यात काही दोष नाही, हे पहिले वाक्य त्याला आपण होऊन सांगावे. आनंदीबाईंना ते वाक्य स्वतःच शोधावे लागले, तेही सातासमुद्रापलीकडे जाऊन. आजच्या मुलाला त्यासाठी इतके दूर जावे लागू नये.