नव्या नावाचा चिनी चाकू: घेण्याआधी काय पाहावे
(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



चिनी माल म्हटला की दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक म्हणतो, चिनी म्हणजे टाकाऊ, चार दिवसांत मोडणार. दुसरा म्हणतो, स्वस्त आहे, दिसायला झकास आहे, घेऊन टाका. दोघांनीही तो माल नीट तपासलेला नसतो. आपला कापूस घेताना व्यापारी असे करतो का? तो गाडीत हात घालून खालचा पुंजका काढतो, धागा चिमटीत ताणून लांबी पाहतो, मुठीत दाबून ओल पाहतो, कवडी किती आहे ते पाहतो आणि मग भाव बोलतो. विकताना आपल्या मालाची एवढी परीक्षा होते आणि विकत घेताना आपण चकाकी पाहून पैसे मोजतो.

गेल्या काही वर्षांत घडीचे चिनी चाकू आपल्याकडेही येऊ लागले आहेत. दर थोड्या दिवसांनी एक नवे नाव निघते आणि गावोगावचे कार्यकर्ते विचारतात, हा नवा कसा आहे? चांगल्यातला घ्यायचा तर बरेच पैसे पडतात. म्हणजे वेचणीच्या कित्येक दिवसांची मजुरी. खताच्या पोत्याची शिवण उसवायची, सुतळी कापायची, कलमाची काडी छाटायची, पायात गुंतलेला बैलाचा कासरा एका झटक्यात तोडायचा, अशा कामाचा हा चाकू आहे. तो ऐन वेळी बोथट निघाला तर बैल जायबंदी होतो आणि बोटावर मिटला तर वेचणीचा हंगाम घरी बसून काढावा लागतो.

आधी हा माल येतो कोठून ते पाहू. चीनच्या दक्षिणेला ग्वांगडोंग प्रांतात, समुद्रकाठी यांगजिआंग नावाचे शहर आहे. चाकू-कात्र्यांची राजधानी म्हणूनच ते ओळखले जाते. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांपासून खिशातल्या चाकूंपर्यंत सर्व काही तिथे होते. अमेरिकेच्या स्पायडर्को, केरशॉ, सीआरकेटी या नामांकित कंपन्यांचे कमी किमतीचे बरेच चाकू वर्षानुवर्षे चीनमध्येच बनत आले आहेत. दुसऱ्याच्या नावाने माल बनवता बनवता तिथले कारागीर तयार झाले, यंत्रे आली, आणि मग त्यांना वाटले की आपल्याच नावाने का विकू नये? यांगजिआंगच्या वी नाइफ या कंपनीची सुरुवात दुसऱ्यांसाठी माल बनवण्यातूनच झाली. पुढे तिने स्वतःचे नाव काढले, आणि सिविवी हे कमी किमतीचे नावही तिचेच आहे. या दोन्ही नावांचे चाकू आज अमेरिकेतले जाणकारही पैसे मोजून घेतात. तेव्हा चीनमध्ये चांगला चाकू बनत नाही, हा वाद संपलेला आहे.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. जिथे दुसऱ्याच्या नावाने माल बनवून देण्याची एवढी सोय आहे, तिथे कारखाना नसलेला माणूससुद्धा नाव, खोका आणि छाप घेऊन ‘उत्पादक’ होऊ शकतो. आपल्याला हे नवीन नाही. २००२ साली बीटी कापूस आला, त्यानंतर बियाण्याच्या पिशव्यांवर किती नावे आली आणि गेली! नाव नवे, चित्र नवे आणि आत गेल्या वर्षीचाच वाण, हे आपण पाहिले आहे. चाकूचेही तसेच. नवे नाव म्हणजे नवा कारखाना नव्हे. ते जुन्या, जाणत्या कारखान्याचे नवे नाव असू शकते, किंवा बदनाम झालेले जुने नाव पुसून काढलेलेही असू शकते. म्हणून नवा आहे म्हणून घाबरू नये आणि नवा आहे म्हणून भुलूही नये.

आता पात्यावर कोरलेल्या आकड्यांकडे येऊ. ‘८सीआर१३एमओव्ही’ असे काहीतरी लिहिलेले असते. त्यातला ८ म्हणजे सुमारे ०.८ टक्का कार्बन आणि १३ म्हणजे सुमारे १३ टक्के क्रोमियम. पुढची अक्षरे थोड्याशा मॉलिब्डेनमची आणि व्हॅनेडियमची. कार्बनमुळे पाते कठीण होते, क्रोमियममुळे गंज अडतो. हे मध्यम प्रतीचे, घरच्या दगडावर सहज धार घेणारे पोलाद आहे. दुसरे नाव दिसते ‘डी-२’. यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. धार जास्त टिकते, दोरीला चांगली चावते, पण घरचा साधा दगड त्याला लवकर लागत नाही. आणि क्रोमियम बारा टक्के असले तरी त्यातले बरेचसे कार्बनशी बांधले जाते, म्हणून घामाने, लिंबाने, चिंचेने डाग पडतात. तिसरे ‘१४सी२८एन’, मूळ स्वीडनच्या सँडविक कंपनीचे. गंजाला दाद देत नाही, सहसा तुकडा उडत नाही, पाजवायला सोपे. कोरडवाहू शेतकऱ्याने दोन्ही समोर असताना डी-२ च्या नावाला भुलण्यापेक्षा हे घ्यावे, असे आमचे मत आहे. डी-२ महाग वाटते म्हणून चांगले वाटते, एवढेच.

पण भावांनो, पोलादाचे नाव ही अर्धी गोष्टसुद्धा नाही. आपला लोहार कमानपाट्याच्या पोलादाचा विळा करतो. पाते किती लाल झाले हे डोळ्यांनी पाहून तो पाणी देतो. एकाच पाट्याचे दोन विळे एक वर्षभर चालतो आणि दुसरा आठ दिवसांत वाकतो, तो पाण्यामुळे. चाकूच्या या पोलादांना तर हजार अंशांच्या वर तापवावे लागते, झटकन थंड करावे लागते आणि मग पुन्हा मंद आचेवर शेकावे लागते. हे नजरेच्या अंदाजाने होत नाही, त्याला मोजमापाची भट्टी लागते. शेकणे चुकले तर पाते काचेसारखे ठिसूळ होते, नाहीतर मऊ पडते. चाकू करणाऱ्याला घाईत किंवा काटकसरीत चोरी करायची असेल तर ती इथे होते, कारण दिसण्यात काहीच फरक पडत नाही. पात्यावर ‘डी-२’ कोरायला काही लागत नाही, पाणी नीट द्यायला मात्र वेळ आणि वीज लागते.

कारखान्यात हे रॉकवेल यंत्राने मोजतात. हिऱ्याचे टोक ठराविक वजनाने पात्यावर दाबायचे आणि किती खोल गेले ते पाहायचे. चांगल्या घडीच्या चाकूचा आकडा साधारण ५८ ते ६१ असतो. यंत्र आपल्याकडे नाही, पण पितळी गज आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीचा गज टेबलावर आडवा बांधावा, पाते पाजवताना धरतो तसे तिरके धरून धार त्यावर हलक्या हाताने दाबावी. उजेडात पाहिले तर धार गजावर किंचित वाकलेली दिसते. उचलल्यावर ती सरळ झाली तर पाणी बरोबर. वाकलेलीच राहिली तर पाते मऊ. बारीक तुकडा उडाला तर ठिसूळ. मात्र धार फार जाड ठेवलेली असेल तर ती वाकतच नाही आणि परीक्षाही होत नाही.

त्यानंतर सुतळी. नव्या पात्याने आधी वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापावा. मग लाकडाच्या फळीवर ठेवून सुतळी कापत राहावे आणि मोजावे. दर दहा कापांनी पुन्हा कागद. कितव्या कापाला कागद फाटू लागला ते लिहून ठेवावे आणि घरातल्या जुन्या, खात्रीच्या चाकूनेही तेच करावे. आकड्यापेक्षा ही तुलना महत्त्वाची. एक गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते. कारखान्यात शेवटची धार फिरत्या पट्ट्यावर कोरडीच घासून लावतात. त्या वेळी अगदी काठावरचे पोलाद तापून त्याचे पाणी उतरते. म्हणून नवा चाकू लवकर बोथट झाला तर लगेच शिव्या देऊ नयेत. घरच्या दगडावर दोन-तीन वेळा पाजवावा, वरचा मेलेला थर निघून जाऊ द्यावा आणि मग सुतळीची परीक्षा पुन्हा घ्यावी. तेव्हाही टिकला नाही तर तो टिकणार नाही.

खटक्याच्या बाबतीत मात्र अशी सवलत देऊ नये. खिशातल्या चाकूत सर्वात धोक्याची जागा तीच. बहुतेक चिनी चाकूंत मुठीच्या आत एक लवचीक पट्टी असते. पाते उघडले की ती सरकून पात्याच्या बुडाला टेकते आणि पाते मिटू देत नाही. ती बुडाच्या किती भागाला टेकते ते पाहावे. जेमतेम काठाला शिवत असेल तर सोडून द्यावा, जोर येताच घसरेल. अगदी पलीकडे जाऊन भिडली असेल तर नवेपणीच झिजलेला समजावा. मध्याच्या अलीकडे घट्ट बसली तर बरे. मग मूठ घट्ट धरून पात्याचे टोक डावी-उजवीकडे हलवावे. थोडे हलले तर स्क्रू आवळून जाते. पण वर-खाली हलले तर खटका बसतच नाही, आणि त्यावर घरी इलाज नाही. शेवटी बोटे पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून, मूठ मागून धरून, पात्याची पाठ लाकडी ओंडक्यावर दोन-तीनदा हलके आपटावी. मिटला तर दुकानदाराला तिथल्या तिथे परत करावा. लहान मुलांसमोर हा प्रयोग करू नये, ती नंतर आपल्या मागे करून पाहतात.

मिटलेला चाकू टोकाकडून पाहिला तर पाते दोन बाजूंच्या बरोबर मध्ये दिसावे. एका अंगाला घासत असेल तर जुळणी घाईची आहे. पण केवळ किंचित सरकले आहे म्हणून चांगले पाते टाकून देऊ नये. मूठ किती गुळगुळीत, खोका किती भारी, याला आम्ही काही गुण देत नाही.

खरी अडचण पुढे आहे. पहिला चाकू उत्तम निघाला म्हणून गावाने मिळून पन्नास मागवले, तर ते पन्नास तसेच निघतील का? नवा माणूस नाव कमवायला पहिली खेप जपून काढतो. मागणी वाढली की भट्टीवरचा वेळ कमी होतो. म्हणून एकदम मोठी खरेदी करू नये. आधी दोन घ्यावेत, महिन्या-दोन महिन्यांनी वेगळ्या दुकानातून आणखी दोन घ्यावेत आणि चारही सारखे उतरतात का ते पाहावे. सुटे स्क्रू मिळतात का, परत घेतात का, हेही तेव्हाच कळते.

कायद्याबद्दल एकाने विचारले होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाती येतात, आणि त्यातूनही घरकामाची व शेतीकामाची अवजारे वगळलेली आहेत. आपले काम तीन इंचांत भागते. बटण दाबताच फटकन उघडणाऱ्या चाकूच्या नादाला मात्र लागू नये, पोलिसाशी हुज्जत घालत बसावे लागेल.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे असा नवा चाकू असेल त्यांनी तो आणावा, घरातला जुना चाकूही बरोबर आणावा. पितळी गज, दगड आणि सुतळीचे बंडल आम्ही आणतो.