माणसे तीच, कारभार निराळा



मोठ्या कारखान्याचे काम बिघडले, की ‘हल्ली कामगारच कामचुकार झाले’ असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. हे म्हणणे कितपत खरे, ते एका उदाहरणावर घासून पाहावे असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्स कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. तेथील कामगारांची अपकीर्ती मोठी. शंभरांतले सुमारे वीस गैरहजर असावयाचे, केव्हाही संप व्हावयाचा. अखेर १९८२ साली कारखान्यास टाळे लागले. १९८४ साली जपानच्या टोयोटा कंपनीशी भागी करून तो पुन्हा उघडला. कारभार टोयोटाकडे गेला. कामगार मात्र बहुतेक जुनेच, आणि त्यांची युनियनही तीच. तरीही थोड्याच काळात गैरहजेरी शंभरांत दोन-तिनांवर आली आणि गाड्या चांगल्या निघू लागल्या.

मग बदलले काय? पूर्वी दंडक असा, की काही झाले तरी काम थांबता कामा नये. सदोष गाडी तशीच पुढे जाई. आता कामगारांच्या हाताशी एक दोरी आली. अडचण दिसताच ती ओढावी. मुकादम धावून येई, तो खडसावण्यासाठी नव्हे, हातभार लावण्यासाठी. आणि अडचण सुटली नाही तर सारे काम थांबे. पुढे १९८८ च्या सुमारास विक्री मंदावली. तेव्हा करारातले वचन पाळून कोणासही काढले नाही. रिकाम्या हातांस शिक्षण दिले. ज्याच्या शब्दावर कारखाना थांबतो आणि ज्यास दिलेला शब्द पाळला जातो, तो मनुष्य कामावर येतो, यात नवल ते काय?

परंतु कथेचा शेवट गोड नाही. २००९ साली जनरल मोटर्सने भागी सोडली आणि २०१० साली टोयोटाने कारखाना बंद केला. खालच्या मुकादमांनी पंचवीस वर्षे जोडलेला विश्वास वरच्यांच्या एका निर्णयाने तुटला. नेतृत्वाची परीक्षा प्रत्येक पायरीवर होते, ती अशी.

श्रोतेहो, आपल्यांपैकी अनेकांच्या हाताखाली चार माणसे असतील. त्यांतला एखादा आपली चूक सांगावयास आला, तर आपण त्याच्यावर डोळे वटारतो, की उठून त्याच्यासोबत जातो? आमच्या मते त्याचे कामावरचे सुखदुःख तेथेच ठरते.