पंचशील आणि सरहद्द



आजचा विषय फलकावर वाचून आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला हटकले, "विहारात तोफांच्या गोष्टी कशाला?" प्रश्न रास्त आहे. परंतु सम्राट अशोकाने कलिंगानंतर युद्ध सोडले, राज्याचे बळ सोडले नाही. ज्या तेराव्या शिलालेखात त्याचा पश्चात्ताप कोरला आहे, त्यातच अरण्यातील टोळ्यांना त्याच्या सामर्थ्याची आठवणही दिली आहे. आणि बाबासाहेब तर सुभेदारांचे चिरंजीव, महूच्या लष्करी छावणीत जन्मलेले!

बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले ते हिंदू कोड बिलावरून, एवढेच आपण मुलांना सांगतो. १० ऑक्टोबर १९५१ चे निवेदन मुळातून वाचले तर परराष्ट्र धोरण हेही त्यातले एक कारण असल्याचे दिसते. त्यांनी चक्क हिशेब मांडला आहे. ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, कारण प्रसंगी भरवसा ठेवावा असा मित्रच आपल्याला नाही. मी बँकेतला कारकून. मैत्रीच्या अभावाची किंमत तिजोरीतून मोजावी लागते, हे इतक्या रोखठोकपणे सांगितलेले मला फार भावते.

पुढे २९ एप्रिल १९५४ रोजी भारत-चीन करार झाला. तिबेट हा चीनचा प्रदेश असे त्यात आपण मान्य केले आणि प्रस्तावनेत पाच तत्त्वे घातली. सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, एकमेकांच्या कारभारात ढवळाढवळ न करणे, समानता व परस्परहित आणि शांततामय सहजीवन. नाव मिळाले पंचशील. सरहद्द नेमकी कोठून जाते, याचा मात्र करारात निर्णय नव्हता.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेब यावर बोलले. पंचशील हा बौद्ध धम्माचा भाग आहे. माओंची त्यावर श्रद्धा असती तर त्यांनी स्वतःच्या देशातील बौद्धांना निराळ्या रीतीने वागवले असते, असा त्यांचा मुद्दा होता. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने चीनची हद्द आपल्या दाराशी आली, हेही त्यांनी बजावले.

येथे थोडे थांबू या. आपण विहारात शील घेतो ते स्वतःपुरते घेतो. शेजारी खोटे बोलला म्हणून माझे शील मोडत नाही. कराराचे तसे नसते. एकाने मोडला की तो दोघांचा मोडतो. धम्मातला शब्द राजकारणात नेला, पण हा फरक मागेच राहिला. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी फौजा उतरल्या तेव्हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला सहा वर्षे होत आली होती.

त्यांचे सगळेच म्हणणे मला पटते असे नाही. सीटो या लष्करी संघटनेकडे आपण संशयाने पाहू नये, असा त्यांचा रोख होता. पाकिस्तान तिचा सभासद झाला. १९७१ मध्ये तिचा त्याला काय उपयोग झाला? बाबासाहेबांशी मतभेद मांडण्याचा धीर आपण त्यांच्याकडूनच शिकलो आहोत.

आज देश मोठा झाला. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटींची तरतूद होती, केंद्राच्या एकूण खर्चाच्या साधारण १३ टक्के. तरी जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान धारातीर्थी पडले. आणि २०२४-२५ या वर्षात चीनशी असलेली आपली व्यापारी तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर झाली. ज्याच्याशी सरहद्दीचा तंटा, त्याच्याकडूनच माल! बाबासाहेबांनी हा हिशेब कसा मांडला असता, असे मनात येते. तिबेटचा प्रश्नही मिटलेला नाही. जुलै २०२५ मध्ये दलाई लामांनी आपली परंपरा पुढे चालेल व वारस ठरवण्याचा अधिकार आपल्याच न्यासाचा असेल असे जाहीर केले. चीन म्हणतो, आमच्या संमतीवाचून नाही. सहावे दलाई लामा आपल्या तवांगचे. तेव्हा हा वाद केवळ भिक्षूंपुरता राहणार नाही.

आता आपल्या मुलांबद्दल. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सैन्याचे बंद झालेले दार पुन्हा उघडावे यासाठी आपल्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या अर्ज-विनंत्या केल्या होत्या. नोकरी, गणवेश आणि म्हातारपणी पेन्शन. २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांची भरती सुरू झाली; त्यातले एक चतुर्थांश पुढे कायम होतात, बाकीचे एकरकमी निधी घेऊन परततात, पेन्शन नाही. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आमच्या काउंटरवर सैनिकांच्या वृद्ध विधवा येतात. त्या पेन्शनवर कुणाचा नातू शिकतो, कुणाचे औषधपाणी होते. पेन्शनचा बोजा सरकारला जड आहे, आकडा मलाही दिसतो: त्याच अंदाजपत्रकात १ लाख ६० हजार कोटींहून अधिक. पण बचतीची सुरुवात शिपायापासूनच का, हे विचारायला हरकत नसावी. भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलांनी पदवीचा अभ्यासही सोडू नये, हे मी पालक म्हणून सांगतो.

१९५४ चे ते भाषण महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या १५ व्या खंडात आहे. विद्यार्थ्यांना इंग्रजी अवघड वाटत असेल तर रविवारी वंदनेनंतर तासभर बसू, मी वाचून अर्थ सांगेन.