उधई, वारूळ आणि आपली हलकी जमीन



संघटनेच्या कामासाठी मुंबईला गेलो होतो. मुक्काम बोरिवलीला. सकाळी वेळ होता म्हणून आम्ही चौघे-पाच जण तिथल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिरलो. एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड आणि मध्ये शंभरावर चौरस किलोमीटरचे जंगल. झाडांच्या बुंध्याशी कमरेएवढी वारुळे. भोवती पालापाचोळ्याखालची काळपट माती, वारूळ मात्र तांबूस. म्हणजे ती माती वरची नव्हे, खालून उपसून आणलेली.

वारूळ नागाचे म्हणून आपण पंचमीला पुजतो. खरे पाहता ते उधईचे. नाग तिथे फार तर पोटकूळ! एकेक कण तोंडात धरून, लाळेत मळून उधई ते रचते. वाळूपेक्षा चिकणमाती निवडते, म्हणून वारुळाच्या मातीत भोवतालापेक्षा चिकण अंश जास्त असतो, आणि बहुधा चुना व पोटॅशही. तिने हाताळलेल्या चिकणमातीतले खनिजही काहीसे बदलते, थरांत अडकलेले पोटॅश सुटते, असे प्रयोगात दिसले आहे. पोत्यातून विकत घेतो तेच पोटॅश!

बोरिवलीला पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर. तिथे पालापाचोळा कुजवायला बुरशी आहे, गांडुळे आहेत. आपल्या कोरडवाहू रानात सहा-आठ महिने माती सुकलेली, गांडूळ खोल जाऊन झोपलेले. तेव्हा काडीकचऱ्याची माती करणारी मुख्यतः उधईच. भारी काळी जमीन फुगते, भेगाळते, स्वतःच उलथते. तिथे वारूळ टिकत नाही, ते बांधावर दिसते. पण मुरमाड, कडक झालेल्या जमिनीत पाणी मुरायची वाट उधईची बिळेच करून देतात.

आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचे शेतकरी आपल्यासारखेच ज्वारीवाले. दुष्काळात जमीन दगडासारखी झाली तेव्हा याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने जुनी 'झाई' पद्धत सुधारली. उन्हाळ्यातच वीतभर खोल खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत टाकायचे. खतावर उधई येते, खाली बिळे पाडते, पहिला पाऊस तिथेच जिरतो, मग त्याच खड्ड्यात ज्वारी. 2018 साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला; 2023 साली ते वारले. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातही 2011 साली प्रयोग प्रसिद्ध झाला: मुंग्या आणि उधई राखलेल्या पट्ट्यात गहू 36 टक्के जास्त.

आता तुम्ही म्हणाल, कपाशीची रोपे उधई कापते, उभी ज्वारी लोळवते, त्याचे काय? खरे आहे, आमचीही गेली आहे. पण उधईचे मुख्य खाणे वाळलेले, मेलेले. कडबा आपण घरी नेतो, धसकटे वेचून जाळतो, रान झाडून लख्ख करतो. मग पावसाने ओढ दिली की तिला सुकत चाललेले रोपच उरते. वर पेरणीच्या तोंडावर कच्चे शेणखत टाकून आपणच तिला तासात बोलावतो.

आणि मग औषध. शहरातल्या इमारतींच्या पायाला भोके पाडून औषध भरतात, ते ठीक. तिथे लाकूड वाचवायचे असते, पीक काढायचे नसते. आपणही बीएचसीची भुकटी हाताने धुरळली, आल्ड्रिन ओतले. आल्ड्रिनवर 1996 साली बंदी आली, बीएचसीवर 1997 साली. बंदीआधी वर्षानुवर्षे ज्यांनी ते हाताळले, त्यांच्या अंगात काय गेले याचा हिशेब कोणी मागितला? दुकानदाराचे बिल मात्र चुकले नाही.

पऱ्हाटी रानात उभी ठेवा असे आम्ही म्हणत नाही. बोंडअळी तिच्यात राहते, ती काढलीच पाहिजे. पण जाळण्याऐवजी खड्ड्यात कुजवता येईल. धसकटे तासांच्या मधोमध पडू द्या. बांधावरचे वारूळ फोडू नका. औषध घालायचेच तर रोपे मरताना दिसतात तेवढ्याच जागी.

आमच्यापैकी काहींनी यंदा मुरमाड रानात पाच-पाच गुंठ्यांचे दोन तुकडे धरायचे ठरवले आहे: एकात नेहमीप्रमाणे औषध, दुसऱ्यात उन्हाळी खड्डे आणि शेणखत. ज्वारी दोन्हींत एकच. मळणी झाली की वजन आणि खर्च दोन्ही पुढच्या जिल्हा बैठकीत मांडू, उत्पन्न कमी आले तरी मांडू.