स्त्रीपार्टीची कसोटी

अमेरिकेत २००९ साली ‘रूपॉल्स ड्रॅग रेस’ नावाची एक स्पर्धा दूरचित्रवाणीवर सुरू झाली. स्त्रीवेष घेणारे पुरुष तीत उतरतात, परीक्षक त्यांचा कस पाहतात आणि विजयी व्यक्तीचे नाव जाहीर होते. मराठी रसिकास याचे फारसे नवल वाटू नये. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात अशीच एक चढाओढ झाली. मात्र तेथे परीक्षक नव्हता, आणि ही चढाओढ आहे असे उघडपणे म्हणण्याची कोणाची छातीही नव्हती.

निमित्त होते टिळक स्वराज्य फंडाचे. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनी खाडिलकरांचे ‘मानापमान’ एकत्र करावयाचे ठरविले. धैर्यधर केशवराव भोसल्यांकडे, भामिनी बालगंधर्वांकडे. केशवरावांनी स्वतः बालवयात ‘शारदा’ गाजविलेली. तेव्हा स्त्रीभूमिकेचे मर्म पुरते जाणणारा गवई नायक होऊन समोर उभा होता, आणि अशा डोळ्यांना फसविणे सोपे नव्हे! केशवरावांचा आवाज चढा, तडफदार. बालगंधर्वांचा गळा लयीत मुरलेला, आर्जवी. भामिनी त्यांच्या अंगी भिनली होती. १२ मार्च १९११ रोजी, पहिली मुलगी त्याच दिवशी निवर्तली असताही, त्यांनी ती प्रथम रंगभूमीवर आणली होती. तिकिटांसाठी झुंबड उडाली, दोन्ही पक्षांचे रसिक ईर्ष्येने जमले. पण जिंकले कोण, याचा निवाडा त्या रात्री झालाच नाही. पुढे तो होण्याचा संभवही उरला नाही, कारण ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव विषमज्वराने वारले. वय अवघे एकतीस.

बालगंधर्वांचे लुगडे, त्यांचा गजरा घराघरांतील स्त्रिया उचलीत. पुरुषाने स्त्रियांस नेसणे शिकवावे, याहून मोठी पावती कोणता परीक्षक देणार? तथापि दिवस पालटले. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात बालगंधर्व एकनाथ झाले, पुरुषवेषात. मन रमले नाही, आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. पुढे ‘साध्वी मीराबाई’ या बोलपटात त्यांनी मीरेची भूमिका केली, तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते.

हीच त्यांची कठीण परीक्षा ठरली. नाट्यगृहात पहिल्या रांगेपासून रंगमंचापर्यंत अंतर असते, आणि त्या अंतरात प्रेक्षकांची कल्पना मदतीस येते. कॅमेरा मात्र चेहऱ्याला भिडतो, तेथे वय लपत नाही. आजचे दूरचित्रवाणीवरील नट कॅमेऱ्यासाठीच रंगभूषा करतात, त्यांस ही अडचण जन्मतःच ठाऊक असते. बालगंधर्वांना ती उतारवयात भेटली. तरीही स्त्रीवेष त्यांनी लगेच टाकला नाही. कर्ज, अधू झालेले पाय, ओसरलेली गर्दी, सारे सोसून ते गात राहिले. १९६४ साली पद्मभूषण मिळाले, १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.